एक महिना कमी

केरेमेतच्या पोटात दोन बाळं होती आणि ती कशी जन्माला आणायची, हे शुक्रवारपर्यंत डॉक्टरांना सांगायचं होतं. म्हणून बुधवारी सकाळी ती सासूला आणि नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली.

ती सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे येते. वर्गात हातच्याची वजाबाकी अडली की बाकीची मुलं शेजाऱ्याच्या वहीत बघायची. ही मात्र उठून सरळ टेबलापाशी यायची आणि विचारायची, "एजे, हे असं का?" आमच्याकडे शाळेतल्या बाईंना एजे म्हणतात. मी निवृत्त झाले, तिचं लग्न झालं, ती दोन गल्ल्या पलीकडे नांदायला आली, तरी ते 'असं का' काही सुटलं नाही. मला ते आवडायचं. विचारणारं मूल मिळालं की शिक्षकाचा दिवस सोन्याचा होतो.

एप्रिल संपत आला होता. दारातला बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता. केरेमेत दोन्ही हात कमरेवर ठेवून आत आली आणि उंबऱ्यातच धापा टाकत थांबली. तिच्यामागून तिची सासू शारिपा आली. तिनं बूट काढता काढताच सुरुवात केली.

"सोनुन एजे, तुम्हीच सांगा आता हिला. सहा पोरं काढली मी. चौथा तर दूध काढता काढता झाला, गाय हंबरली नसती तर कुणाला कळलंही नसतं. एकदाही कुणी माझ्या पोटाला सुरी लावली नाही. आणि ही म्हणते ऑपरेशन!"

"मी कुठं म्हणते, आपा? डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही वाटांचा विचार करा."

"डॉक्टरला काय, तिला घरी जायचं असतं सहाला."

शारिपाचा मुलगा तालाय दाराशीच उभा राहिला. तो आमच्या गावातून नारिनला मिनीबस चालवतो. घाटात समोरून ट्रक आला तरी न गांगरणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला टोपी कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

"तू ये रे आत," मी म्हटलं. "तुझीच आहेत ना दोन्ही?"

"तसं ऐकतोय खरं," तो म्हणाला, आणि केरेमेत हसली. हसताना पोट दुखलं म्हणून लगेच गप्प झाली.

मी दुधाचा चहा ओतला. तळलेल्या कणकेचे बोर्सोक आणि साय पुढं ठेवली. शारिपानं सुनेच्या हातात स्वतःच दोन बोर्सोक कोंबले. "खा. तिघांचं खायचंय तुला." शारिपाची जीभ तिखट आहे, पण घरातला मांसाचा पहिला तुकडा ती सुनेच्या ताटात वाढते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर होणार नाही.

"डॉक्टर नक्की काय म्हणाल्या, ते शब्दाला शब्द सांग," मी म्हटलं.

केरेमेतनं नीट सांगितलं. सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात चिनारा डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं होतं. पहिलं बाळ डोकं खाली करून आहे, वजन सव्वादोन किलोच्या वर. दुसरं आडवं आहे, त्याचं अठराशे पन्नास ग्रॅम. चौतिसाव्या आठवड्याला जुळ्यांची ही वजनं ठीकच म्हणायची. म्हणजे चार आठवडे निवांत थांबता येईल. मग एक वाट अशी की कळा आपोआप येऊ द्यायच्या आणि नारिनच्या मोठ्या इस्पितळात बाळंत व्हायचं. पहिलं सरळ येईल. दुसरं तेव्हा वळलं तर उत्तम, नाही वळलं तर डॉक्टर हातानं वळवतील. तेही जमलं नाही, तर एक बाळ असं आणि एक ऑपरेशननं, दोन्ही दुखणी एकाच दिवशी. दुसरी वाट म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस ठरवून ऑपरेशन करायचं. त्यात आडव्या बाळाची भीती कमी, पण आईच्या पोटावर जखम, आणि पुढच्या बाळंतपणाच्या वेळी ती जखम लक्षात ठेवावी लागणार.

"पुढच्या!" शारिपा म्हणाली. "ऐकलंत? एकदा चिरलं की मग दुसऱ्यांदा चिरा, तिसऱ्यांदा नकोच म्हणा. माझ्या घरात दोनच नातवंडं का?"

"आपा, ही दोन आधी येऊ देत," तालाय आईला म्हणाला.

"तू गप्प बस. तुला टायर बदलायचं विचारलं तर बोल."

मला शिकवण्याची एकच पद्धत येते. अवघड गोष्ट असली की ती चौकटीच्या वहीवर उतरवायची. पोरांना आठवडा, महिना, वर्ष हे सगळं मी चौकोन रंगवून शिकवलं. मी वही आणली, रंगीत पेन्सिली आणल्या.

"आल्या चौकोन घेऊन," शारिपा म्हणाली. "माझा तालाय अजून झोपेत चौकोन मोजतो."

"म्हणूनच घाटात वळणं चुकत नाही," मी म्हटलं. "केरेमेत, इकडं बस. एक चौकोन म्हणजे एक आठवडा. पाळीची तारीख काय लिहिलीय तुझ्या कार्डावर?"

"एक सप्टेंबर."

आमच्याकडे शाळा सुरू होते, पहिली घंटा वाजते, तो दिवस. मी तिथपासून चौकोन आखले आणि आजच्या दिवसाशी निळी रेघ मारली. तीस, एकतीस, बत्तीस... चौतिसावा चौकोन. पुढं पाच-सहा चौकोन मोकळे होते. मला तिला दाखवायचं होतं की अजून वेळ आहे, घाबरून निर्णय घेऊ नकोस, या मोकळ्या चौकोनांत बाळ वळूही शकतं. नुसते आकडे मुलांच्या डोक्यात राहत नाहीत, त्यांना आपल्या आठवणी चिकटवाव्या लागतात. म्हणून मी तिला म्हटलं, "आता तूच भर. उलट्या कधी सुरू झाल्या?"

"बटाटे काढत होतो तेव्हा. पोत्यावरच ओकले मी, आपा ओरडल्या होत्या."

"पोतं नवीन होतं," शारिपा म्हणाली.

बटाटे आमच्याकडे सप्टेंबर संपता संपता निघतात. मी हिरवी पेन्सिल चौथ्या चौकोनावर नेली आणि थांबले. चौथ्या आठवड्यात उलट्या? कुणाकुणाला लवकर होत असतील. मी खूण केली.

"आणि पोटात पहिल्यांदा हललं कधी?"

"सोगुमच्या दिवशी." हे सांगताना तिचा चेहरा उजळला. थंडीसाठी घोडं कापलं होतं, अंगणभर माणसं होती, ती आतडी धूत होती आणि पोटात कुणीतरी टिचकी मारली. "आधी वाटलं वात आहे. मग दुसऱ्या बाजूनं पण मारली. हातातली परात पडली माझ्या."

शारिपाच्या घरचं सोगुम डिसेंबरच्या मध्याला झालं. मी स्वतः तिथं जेवले होते. मी चौकोन मोजले. पंधरावा. पुन्हा मोजले. पंधरावाच. पहिलटकरणीला पंधराव्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी टिचक्या? मी डॉक्टर नाही. पण चार मुलं मला झाली आहेत, आणि चाळीस वर्षं मी चुकलेली उत्तरं पाहत आले आहे. उत्तर एका जागी चुकलं तर हात घसरला म्हणावं. दोन्ही जागी सारख्याच अंतरानं चुकलं, तर मांडणीच चुकलेली असते.

"केरेमेत," मी म्हटलं, "हे जुळत नाही. सगळं एक महिना आधी झालंय."

तिनं सासूकडे पाहिलं. शारिपा चहाच्या वाटीत पाहत होती.

"तारीख खरी आहे का?"

"एजे..."

"खरी आहे का, एवढंच सांग."

"एक ऑगस्ट," केरेमेत म्हणाली.

तालायनं टोपी खाली ठेवली. "काय एक ऑगस्ट?"

"अरे, दृष्ट लागते!" शारिपा एकदम उसळली. "एक असलं तरी लागते. दोन आहेत, दोन! नाव घालणारी मीरगुल नर्स शेजारच्याच घरची सून. आज तिच्या कानात घातलं की संध्याकाळी आख्ख्या गावाला दिवस माहीत. मग येतात एकेकीच्या नजरा. माझ्या सासूनं माझा महिना कधी कुणाला खरा सांगितला नाही. मी हिला म्हटलं, एक महिना कमी सांग. त्यात काय बिघडलं? बाळं व्हायची तेव्हाच होणार."

"पण डॉक्टरला?" तालायचा आवाज चिरकला. "डॉक्टरला पण?"

"कार्डावर तेच होतं ना. त्यांनी मला विचारलंही होतं जानेवारीत, तारीख नक्की ना म्हणून," केरेमेत म्हणाली. "आपा शेजारी होत्या. मी हो म्हटलं. आणि मग दरवेळी... आधी हो म्हटलेलं, आता कसं नाही म्हणू? मला वाटलं, मशीनमध्ये दिसतच असेल त्यांना."

मला राग आला होता. आवाज चढवायची मला सवय नाही, पण त्या दिवशी चढला. "तू माझी विद्यार्थिनी. प्रत्येक गोष्टीला 'असं का' विचारणारी. हे नाही विचारावंसं वाटलं कुणाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तुम्हालाच विचारलं होतं, एजे."

"मला?"

"ऑक्टोबरात. तुम्ही कोळसा आत घेत होता. मी म्हटलं, आपा महिना कमी सांगायला सांगतात, काय करू? तुम्ही हसलात. म्हणालात, सासूचं मन मोडू नको. एका महिन्यानं काय होतंय, बाळाला कुठं कॅलेंडर वाचता येतं?"

मला आठवत नव्हतं. मी खूप शोधलं. आधी कोळसा आठवला, मग बादलीचा तुटका कान, आणि मग माझंच हसू आठवलं. हो. म्हणाले होते मी. मागं वळूनसुद्धा न पाहता.

माझ्या हातातली हिरवी पेन्सिल तशीच होती. मी ती खाली ठेवली. चाळीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट सांगत आले, की आधी मांडणी बघा, उत्तर नंतर. आणि ज्या मुलीनं खरोखरच विचारलं, तिला मी विनोद ऐकवला होता.

मग तालाय हळूच म्हणाला, "म्हणजे आज चौतीस नाही. अडतीस."

आणि तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. चौतिसाव्या आठवड्याला ठीक असलेलं वजन अडतिसाव्याला ठीक नसतं.

"गाडी काढ," मी म्हटलं. "आत्ता."

शारिपा उठली. तिनं सुनेचे बूट तिच्या पायात घातले, स्वतः वाकून. चिखलातून निघाल्यावर म्हणाली, "मी दृष्टीसाठी केलं."

तालुक्याच्या दवाखान्यात रांग होती. शारिपानं रांग पाहिली नाही. ती सरळ आत गेली आणि पेशंट बायकांच्या देखत, दार उघडं टाकून म्हणाली, "डॉक्टर, आम्ही महिना खोटा सांगितला. एक ऑगस्ट आहे. मी सांगायला लावलं. हिचा दोष नाही."

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. शारिपानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

चिनारा डॉक्टर म्हणजे चाळिशीची शांत बाई. तिनं फाइल काढली. जानेवारीच्या पानावर, तारखेशेजारी पेन्सिलीनं काढलेलं प्रश्नचिन्ह होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाळं तारखेच्या मानानं मोठी दिसत होती," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला."

"हो," केरेमेत म्हणाली.

"मार्चमध्ये तेवढी मोठी नव्हती. आणि सोमवारी अगदी तारखेबरहुकूम." डॉक्टरचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं, छान, जमलं. मी खूश झाले, केरेमेत. मला कळायला हवं होतं. पुढं असलेली बाळं मागं येत होती."

तिनं मशीन लावलं. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पहिल्या बाळापाशी ती पटकन पुढं सरकली. दुसऱ्यापाशी थांबली. नाळेतून रक्त कसं वाहतं ते बघत होती. ठोका यायचा, मग पोकळी, मग पुन्हा ठोका.

"पहिलं बेताचं आहे," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्याला पुरेसं मिळत नाहीये. बरेच दिवस. ते वाढायचं थांबलंय."

"जिवंत आहे ना?" तालायनं विचारलं.

"आहे. पण थकलंय."

शारिपा भिंतीला टेकली. तिचा हात स्वतःच्या तोंडावर गेला आणि तिथंच राहिला.

"आपण शुक्रवारी ठरवणार होतो ते चार आठवडे आता नाहीत," डॉक्टर म्हणाली. आता ती फक्त केरेमेतशी बोलत होती, एकेक शब्द सुटा करून. मला तिची ती पद्धत आवडली. "तरी तुला विचारणं माझं काम आहे. औषध देऊन कळा आणता येतात. पहिलं बाळ त्यातून येईल. पण दर कळेला दुसऱ्याचं रक्त आणखी कमी होणार, आणि ते आडवं आहे. त्याला ते सोसेल असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे आजच ऑपरेशन, नारिनला. तुला जखम होईल, उठायला वेळ लागेल, पुढच्या बाळंतपणात जपावं लागेल. हे सगळं खरं आहे. सांग."

केरेमेतनं सासूकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"मी कळा सोसल्या तर कोण जाईल?"

"दुसरं जाऊ शकतं."

"आणि ऑपरेशननं?"

"दोघंही राहण्याची शक्यता जास्त. खात्री मी देत नाही."

"आजच," केरेमेत म्हणाली. "ऑपरेशन."

शारिपानं तोंडावरचा हात काढला. मला वाटलं, ती काही म्हणेल. तिनं नुसता सुनेच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पुन्हा भिंतीला टेकली.

रुग्णवाहिकेनं घाट कसा ओलांडला ते मला सांगता येणार नाही. तालाय मागून रिकामी मिनीबस घेऊन आला. वाटेत माणसं हात करत होती, तो कुठंही थांबला नाही, असं नंतर गावात ऐकलं. दुपारी तीनला केरेमेतला आत नेलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मी मनात आठवडे मोजत होते, पुन्हा पुन्हा, जणू एकदा तरी वेगळं उत्तर येईल.

पावणेचारला एक रडणं ऐकू आलं. मोठं, रागावलेलं. शारिपा उभी राहिली. मग बराच वेळ काही नाही. मी दाराकडे बघायचं टाळलं. मग आणखी एक आवाज आला, पण त्याला रडणं म्हणता येणार नव्हतं. मांजराच्या पिल्लानं पोत्याखालून करावा तसा.

मुलगा आधी आला, दोन किलो चारशे. मुलगी नंतर, सतराशे नव्वद ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आत सोडलं. मुलगी काचेच्या पेटीत होती. शारिपानं वाकून पाहिलं आणि मागं सरकली. मीही पाहिलं. तान्ह्या बाळाचा चेहरा मऊ असतो, फुगलेला असतो. हिच्या कपाळावर सुरकुत्या होत्या. गाल आत गेलेले. हातांची कातडी सैल, जणू थोरल्या कुणाचे हातमोजे घातलेत. डोळे मात्र टक्क उघडे होते आणि ती आमच्याकडे बघत होती, घरी उशिरा आलेल्या माणसांकडे बघतात तसं.

"ही अशी म्हातारी का दिसते?" शारिपानं नर्सला विचारलं.

"आत उपाशी राहिली ना," नर्स म्हणाली. कामात होती, तिनं वर पाहिलं नाही. "अशी बाळं अशीच दिसतात. भरेल हळूहळू."

शारिपा जमिनीवर बसली. पडली नाही, नुसती बसली, पाय पुढं करून, बाजारात थकलेली बाई बसते तशी. "मी हिच्या आईला तिघांचं वाढत होते," ती म्हणाली. "रोज. तिघांचं."

मी तिला उठवलं नाही. केरेमेतच्या खोलीत गेले. ती अर्धवट उठून बसली होती, चेहरा पांढरा. मुलगा शेजारी झोपला होता.

"पाहिलंत तिला?"

"पाहिलं."

"एजे, ती किती दिवस उपाशी होती?"

तिनं मला आजवर शेकडो प्रश्न विचारले होते. एकदाही मी उत्तर न देता परत पाठवलं नव्हतं, फक्त एकदा चुकीचं दिलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरलाही नक्की सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी तुला बरोबर सांगितलं असतं, तर हे केव्हाच दिसलं असतं. ती आधी बाहेर आली असती. कदाचित इतकी उपाशी राहिलीच नसती."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा मला जा म्हणेल. दोन्ही ऐकून घ्यायची माझी तयारी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली पाहिलं नाही. ते तेवढं तरी मला जमायला हवं होतं.

"मग आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"दर दोन तासांनी दूध काढायचं. नर्स नळीनं तिला देईल."

"किती?"

"जेवढं येईल तेवढं. पहिल्या दिवशी थेंबच येतात."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "थांब, विचारून येते."

मी नर्सकडे गेले, विचारलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. केरेमेतनं दात आवळून कूस बदलली आणि नर्सनं दिलेली, दूध ओढून घ्यायची छोटी पिचकारी माझ्या हातात दिली. बऱ्याच वेळानं पहिला पिवळा थेंब आला. मी तो सांडू न देता धरला.